कॅमेरा हासुद्धा आमचा गजच

कापडाच्या दुकानात गज खोटा असेल तर दुकान फार दिवस चालत नाही, ही गोष्ट आपल्या व्यापारी बंधूंना वेगळी सांगायला नको. आम्ही नांदेडच्या इतवारा भागात कापडाचा धंदा करतो आणि फोटोचा शौक धंद्याइतकाच जुना आहे. एवढ्या वर्षांत बरेच कॅमेरे हाताळले. त्यांतील आवडीचे कोणते आणि त्यांनी धंद्यात काय शिकवले, ते येथे सांगतो.

घरातील पहिला कॅमेरा अब्बांचा, आग्फा क्लिक थ्री. तो बडोद्यात बनत असे. १२० नंबरच्या रोलवर चौकोनी १२ फोटो निघत. अब्बा एक रोल ईद ते ईद पुरवीत. त्यामुळे बटण दाबण्याआधी विचार करायचा, ही सवय आम्हाला लहानपणीच लागली. पुढे स्वतःच्या कमाईतून याशिका एमएफ-२ घेतला. फ्लॅश अंगचाच, फोकस लावण्याची भानगड नाही. लग्नाला, अकीक्याला उत्तम. कापडाला मात्र निकामी. सॅटिनवर फ्लॅश पडला की पांढरा डाग दिसे आणि जवळून काढले की सगळे धूसर.

१९९४ साली हैदराबादेतून जुना पेंटॅक्स के-१००० आणला. हा कॅमेरा १९७६ ते १९९७ पर्यंत बनत होता. आतले सर्व काम यंत्राचे. बॅटरी फक्त उजेड मोजणाऱ्या काट्यासाठी. ती संपली तरी फोटो निघतो. सोबत ५० मिलिमीटरची लेन्स होती. तीच आजपर्यंत आमची सर्वात लाडकी. माणसाच्या नजरेला जसे दिसते, जवळपास तसेच ती दाखवते. वाढवत नाही, वाकवत नाही.

त्याच कॅमेऱ्याने आम्हाला एक नुकसानही सोसावे लागले, पण दोष कॅमेऱ्याचा नव्हता. लातूरचे एक दुकानदार आमचे जुने गिऱ्हाईक. लोहा, अहमदपूर करत एसटीने साड्यांचे गठ्ठे नेण्यापेक्षा फोटोंचा अल्बम न्यावा, असे आम्ही ठरवले. रात्री दुकान बंद केल्यावर ट्यूबलाइटखाली फोटो काढले. अल्बम पाहून त्यांनी मोरपंखी रंगाचे ४० नग मागवले. माल पोहोचला आणि तसाच परत आला. ते म्हणाले, "शेठ, फोटो एक आणि माल दुसरा." भाड्याचे पैसे गेले, त्याचे दुःख नाही. पण आमच्या शब्दावर माल घेणारा माणूस पुढे दीड वर्ष आमच्याकडून काही घेईना.

मग शोध घेतला. साधी रंगीत फिल्म दिवसाच्या उजेडासाठी बनलेली असते. ट्यूबलाइटखाली तिच्यावर हिरवी झाक येते, साध्या बल्बखाली पिवळी. निळा-हिरवा मोरपंखी हिरवट दिसला, तो यामुळे. माल खोटा नव्हता, गज खोटा होता.

आपल्याच भागातील दाखला पाहा. राष्ट्रध्वजाची खादी लातूर जिल्ह्यातील उदगीरला विणली जाते आणि नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत ध्वज तयार होतात. त्या कापडाचा रंगसुद्धा मानकात ठरवलेला आहे. रंगात बसले नाही तर कापड बाद. म्हणजे रंग हे लांबी-रुंदीसारखेच माप झाले.

तेव्हापासून आमचा दस्तूर ठरला. फोटो सकाळी, ओसरीच्या सावलीत, उन्हात नाही. कापडाशेजारी पांढऱ्या खादीचा तुकडा ठेवायचा. तो फोटोत पांढरा दिसला तर बाकीचे रंग बहुधा खरे. कॅमेरा तिपाईवर, लेन्सचे छिद्र ८ नंबरवर. तेथे आमची लेन्स सर्वात स्वच्छ काम करते.

दुसरी लेन्स २८ मिलिमीटरची. लातूरच्या गंजगोलाईत १६ रस्ते एकत्र येतात. तो गोल बाजार ५० च्या लेन्समध्ये मावत नाही, २८ मध्ये बराचसा येतो. मात्र हीच लेन्स साडीजवळ नेली तर सरळ काठ बाहेर फुगतात. विणीचा फोटो हवा असेल तर तिसरा उपाय आहे. पन्नासचीच लेन्स स्वस्त कडी लावून उलटी बसवायची. रीड-पिक मोजता येतील इतके धागे स्पष्ट दिसतात.

लेन्स जपावी लागते. कापडाला कसर लागते, तशी काचेला बुरशी लागते. पावसाळ्यात चामड्याच्या पिशवीत लेन्स ठेवू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवावी. खळीच्या नव्या कापडाने काच कधीही पुसू नये. आधी धूळ फुंकणीने उडवावी.

आज फिल्म मागे पडली. १९६० साली स्थापन झालेला उटीचा हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा कारखानाही बंद झाला. पण आमची जुनी लेन्स मेली नाही. साधी कडी लावून ती नव्या डिजिटल कॅमेऱ्यावर बसते, फोकस तेवढा हाताने लावायचा. म्हणून आमचे मत असे, की पैसे थोडे असतील तर कॅमेरा जुना घ्या, लेन्स चांगली घ्या.

आता बहुतेकांचा माल मोबाईलवरच दाखवला जातो. जरीवाले, शिंपी, फर्निचरवाले, सर्वांना हे लागू आहे. मोबाईलची नेहमीची लेन्स रुंद नजरेची असते. म्हणून थोडे मागे सरकून दुप्पट झूमवर फोटो काढा. रंग भडक करणारी सोय बंद ठेवा. रंग उजळ दाखवून एकदा माल विकला जातो, दुसऱ्यांदा नाही. मालातील ऐब झाकू नये, हा आपला जुना नियम फोटोलाही लागू आहे.

लातूरच्या त्या दुकानदारांचा मुलगा आता दुकान पाहतो. आम्ही मोबाईलवर फोटो पाठवला की ऑर्डर देण्याआधी तो विचारतो, "चाचा, ओसरीतला आहे ना?" आम्ही हो म्हटले की तो नग सांगतो.