वावडें आणि वैद्य

‘वावडें’ हा शब्द आपण फार सैलपणें वापरतों. कोणाला कारल्याचें वावडें, कोणाला पहांटे उठण्याचें! आम्हीहि तो असाच वापरीत आलों. आणि त्याचें प्रायश्चित्त एका एकादशीला आमच्या नातवास भोगावें लागलें.

नातू तेव्हां चार वर्षांचा होता. शेंगदाण्यानें त्याच्या अंगावर गांधी उठतात, हें सूनबाईनें दोनदां सांगितलें होतें. परंतु ज्या डॉक्टरांकडे तिनें मुलाला नेलें, त्यांनीं वर मान न करितां ‘आया उगीच घाबरतात’ असा शेरा मारला, आणि आम्हींहि तीच री ओढली. खिचडींतल्या चिमूटभर कुटानें काय होतें, असें म्हणत दोन घांस आम्हीं स्वहस्तें भरविले. थोड्याच वेळांत ओंठ सुजले, आवाज बसला, श्वास घरघरूं लागला. रुग्णालयांत मांडींत अ‍ॅड्रिनॅलिन टोंचलें, म्हणून मूल हातीं लागलें.

पुढें ज्या बालरोगतज्ज्ञ बाई भेटल्या, त्यांनीं सूनबाईला बसवून घेतलें व म्हटलें, ‘‘पहिल्यापासून सांगा. घाई नाहीं.’’ काय खाल्लें, किती, आणि किती वेळानें काय झालें, हा वृत्तान्तच निदानाचा पाया असतो. त्वचेची वा रक्ताची चांचणी त्याला दुजोरा देते. केवळ तिच्यावरून वावडें सिद्ध होत नाहीं. शंका उरल्यास तो पदार्थ रुग्णालयांत, डॉक्टरांच्या देखरेखीखालीं, अल्प मात्रेपासून वाढवीत देऊन पाहतात. घरीं हा प्रयोग करूं नये. पूर्वींच्या एका रक्तचांचणीवरून आम्हीं मुलाचें दूधहि तोडलें होतें. बाईंनीं अशी परीक्षा केल्यावर दूधभात त्याच्या पानांत परत आला.

शेंगदाणा उशिरां द्यावा, हा जुना सल्ला सूनबाईनें पाळला होता; आपलेंच चुकलें असें तिला वाटे. बाईंनीं सांगितलें, २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या प्रयोगांत, वावड्याचा अधिक संभव असलेल्या ६४० तान्ह्या मुलांपैकीं ज्यांना शेंगदाणा लवकर सुरू केला, त्यांच्यांत हें वावडें फारच कमी आढळलें. ‘‘आमचाच सल्ला बदलला, तेथें तुमचा काय दोष?’’ सूनबाईचे डोळे तेव्हां प्रथम कोरडे झाले.

आम्हीं आपला अपराध सांगितला. बाई रागावल्या नाहींत. सिरिंज आमच्या हातीं देऊन मांडीच्या बाहेरच्या बाजूस स्नायूंत कसें टोंचावें, तें शिकविलें. मुलाच्या वजनावरून मात्रा लिहून दिली. बरें वाटलें तरी रुग्णालय गांठावें, कारण त्रास पुन्हां उलटूं शकतो, हेंहि बजावलें. तो कागद आतां स्वयंपाकघराच्या दारावर आहे. बाजारच्या पुड्यांवर शेंगदाणा, दूध इत्यादींचा उल्लेख २०२० सालच्या नियमांनीं आपल्या देशांत बंधनकारक केला आहे. तो वाचण्याचें काम आमच्याकडे आहे.

चरकसंहितेंत वैद्याची वृत्ति चतुर्विध सांगितली आहे. तींत मैत्री आणि आर्तांविषयींचें कारुण्य यांची गणना आधीं आहे. जो डॉक्टर आईचें म्हणणें पुरतें ऐकतो, काय वर्ज्य याबरोबर काय चालेल हेंहि सांगतो, आणि संकटकाळीं काय करावें तें लिहून देतो, त्याच्याकडे मूल न्यावें. वडीलधाऱ्यांनीं मात्र त्याही आधीं सुनेचें ऐकावें.

गेल्या आषाढींस आमच्या खिचडींत कूट नव्हतें. नातवाला सोसणारें ओलें खोबरें होतें. त्यानें आमच्याच ताटलींत फराळ केला.