सोलर पंपाच्या नटबोल्टाजवळ पांढरी भुकटी दिसतेय? वळवाच्या आधी तपासून घ्या

सोलापूर : सोलर पंपाच्या पॅनलची चौकट ॲल्युमिनियमची, तर खालचा सांगाडा जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा असतो. दोन वेगळे धातू चिकटून राहिले आणि मध्ये ओल साचली, की तिथे बॅटरीच्या सेलसारखी क्रिया सुरू होते. आधी जस्त झिजते. मुलामा संपला की ॲल्युमिनियम खाल्ले जाते. फवारणीचे औषध, विद्राव्य खत, बोअरचे खारे पाणी यांनी झीज वाढते. जोड सैल झाला तर वादळी वाऱ्यात पॅनल उडू शकते.

काय काळजी घ्याल?

• नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचेच वापरा. ते गंजत नाहीत आणि चौकटीच्या मानाने लहान असल्याने झीजही कमी होते.

• दोन धातूंमध्ये रबर किंवा नायलॉनची पट्टी असावी. मात्र अर्थिंगची वायर जोडलेलीच ठेवा.

• मुलामा खरवडला असेल तिथे झिंकचा रंग लावा.

• पॅनलवर फवारा उडाला तर सकाळी ऊन तापायच्या आत गोड्या पाण्याने धुवा.

'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेतील पंपाला 5 वर्षांची दुरुस्ती हमी आहे. त्यामुळे पांढरी भुकटी दिसली तर फोटो काढून कंपनीकडे तक्रार करा. स्वतः बोल्ट खोलू नका.