पडीक जागा, पाखरे आणि आपले आरोग्य

आमच्या भवानी पेठेत मागांचा खडखडाट आणि सुताची धूळ अंगवळणी पडलेली आहे. शहरातल्या गिरण्या बंद पडल्या, अनेक लहान कारखान्यांनाही टाळे लागले. भिंतीआड पडीक जागा तेवढ्या उरल्या. त्यांचा माझ्या दवाखान्यातील गर्दीशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध अगदी जवळचा आहे.

अशा जागेत आधी माजते ते गाजरगवत. त्याच्या परागांनी शिंका व दमा बळावतो, स्पर्शाने अंगाला खाज सुटते. टाकलेल्या टायरांत व डब्यांत पावसाचे पाणी साचते. डेंग्यूचा डास त्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास उडू लागतात. मे महिन्यात पारा 40 अंशांवर गेला, की उघडा राडारोडा रात्री उशिरापर्यंत तापलेला राहतो.

यावर उपाय आहे. मुंबईत धारावीजवळ मिठी नदीकाठी पूर्वी शहराचा कचरा टाकला जाई. तेथील 37 एकरांवर झाडे लावून महाराष्ट्र निसर्ग उद्यान उभे राहिले व 1994 मध्ये खुले झाले. आज तेथे दाट झाडी, पक्षी आणि फुलपाखरे आहेत. आपल्याकडे एखादा गुंठाही पुरे.

मात्र घाई नको. प्रथम मालकाची व महानगरपालिकेची परवानगी घ्यावी. मग माती तपासावी. जुन्या कारखान्याच्या जागेत रंग, रसायने, शिसे मुरलेले असू शकते. शिसे लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. माती दूषित निघाली, तर तज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय पुढे जाऊ नये. तेथे भाजीपाला तर लावूच नये. गाजरगवत फुलण्यापूर्वीच उपटावे. हातमोजे घालावेत, नाकाला रुमाल बांधावा.

झाडे आपल्या उन्हाला टिकणारी हवीत : कडुलिंब, बोर, बाभूळ, आपटा. बोरावर पाखरे आपोआप येतात. पाणवठा ठेवल्यास तो दर आठवड्याला रिकामा करून घासावा, नाहीतर आपणच डास पाळू.

"झाडी वाढली की साप येतील," असे माझे रुग्ण म्हणतात. भीती खोटी नाही. पण साप येतो तो उंदरांमागे, आणि उंदीर वाढतात कचऱ्यात व राडारोड्यात. तो आधी हलवावा, पायवाट मोकळी ठेवावी, पायांत बूट घालावेत. कोणाला दंश झालाच, तर मंत्र-तंत्रात वेळ न घालवता थेट सिव्हिल हॉस्पिटल गाठावे.

दम्याचा पंप मी लिहून देऊ शकतो, सावली नाही. ती पेठेतल्या माणसांनी मिळूनच लावायची आहे. मृगाच्या पावसाआधी माती तपासून घ्या, खड्डे तयार ठेवा आणि पहिली दोन वर्षे पाणी कोण घालणार, हे रोप आणण्यापूर्वीच ठरवा.