नव्या मरीन टँकमधला तपकिरी थर
उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरमधल्या नव्या मरीनवाल्यांसाठी!

पहिल्या काही आठवड्यांत वाळूवर, काचेवर तपकिरी थर चढतो. घाबरू नका, औषध तर मुळीच ओतू नका. ते डायटम, म्हणजे सूक्ष्म शेवाळ. सिलिकेटवर वाढतात, ते संपलं की बहुधा आपोआप ओसरतात.

खरी मेख पाण्यात. बारवी धरणाचं किंवा उल्हास नदीचं नळाचं पाणी आपल्याला ठीक, पण त्यातून सिलिकेट, नायट्रेट, फॉस्फेट टाकीत शिरू शकतात. पिण्याच्या आरओवरही विसंबू नका. त्यात बऱ्याचदा टीडीएस (पाण्यातले विरघळलेले क्षार) मुद्दाम राखलेला असतो. आरओनंतर डीआय रेझिन लावा, टीडीएस मीटरवर ० दिसल्यावरच मीठ घाला. उन्हाळ्यात पाणी झपाट्याने उडतं, मीठ मात्र मागेच राहतं. म्हणून भर घालायची ती बिनमिठाच्या पाण्याची. सापेक्ष घनता १.०२५ च्या आसपास हवी.

केसांसारखं हिरवं शेवाळ दिसलं तर हातानं उपटा, दिवा ६-८ तासच, खाणं कमी. शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी आणायच्या त्या अमोनिया, नायट्राइट शून्यावर आल्यावर.

आणि हो, ‘लाइव्ह रॉक’ म्हणून समुद्रातलं प्रवाळ कुणी दिलं तर घेऊ नका. कठीण प्रवाळांना वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ चं संरक्षण आहे. सिरॅमिकचे खडक छान चालतात.