डबक्याकाठचं माहेर

जून महिन्यातली पहाट. अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यात गव्हाच्या शेतांमधून जाणाऱ्या मातीच्या रस्त्यावर एक मोटार थांबते. सूर्य उगवायला अजून अर्धा तास आहे. मोटारीतला माणूस खाली उतरतो आणि बरोबर तीन मिनिटं कान देऊन उभा राहतो. जो पक्षी दिसेल, ज्याचा आवाज कानावर पडेल, त्याची वहीत नोंद. मग पुन्हा मोटारीत बसायचं, आठशे मीटर पुढे जायचं, पुन्हा उतरायचं. असे एकूण पन्नास थांबे! पुढच्या वर्षी तोच रस्ता आणि तेच थांबे. चँडलर रॉबिन्स या पक्षीतज्ज्ञानं १९६६ साली सुरू केलेली ही उन्हाळी गणना पुढे अमेरिका आणि कॅनडाभर पसरली. ती करणारे बहुतेक जण हौशी. पण नुसत्या आवाजावरून पक्षी ओळखता आला पाहिजे, ही अट मात्र पक्की.

नॉर्थ डकोटातला असा रस्ता म्हणजे एका हाताला गवत, तर दुसऱ्या हाताला डबकं. आयोवापासून थेट कॅनडातल्या अल्बर्टापर्यंत हा मुलूख असाच आहे. महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठा. दहा-बारा हजार वर्षांपूर्वी हिमयुगातल्या बर्फाच्या थरांनी माघार घेतली, तेव्हा मातीत गाडलेले बर्फाचे तुकडे मागे राहिले. ते वितळले आणि देवीचे वण पडावेत तसे जमिनीला लाखो खळगे पडले. ना नदी, ना नाला. हिवाळ्यातलं बर्फ वितळलं की खळगा भरतो, ऊन तापलं की आटतो. उत्तर अमेरिकेतली निम्म्याहून अधिक बदकं इथंच जन्माला येतात. तिकडचे लोक या भागाला 'बदकांचा कारखाना' म्हणतात. शब्द काही बरा नाही. माहेर म्हणावं, हे उत्तम.

बदकांना मोठं तळं हवं, असं आपल्याला वाटेल. खरा प्रकार उलटा आहे. एप्रिल-मेमध्ये मोठं तळं थंडगार असतं. घोटाभर पाण्याचं डबकं मात्र चार दिवसांच्या उन्हात कोमट होतं आणि त्यात किडे, अळ्या, गोगलगायींची बुजबुज होते. अंडी घालायच्या बेतात असलेल्या मादीला नेमकं हेच प्रथिनांचं खाणं लागतं. शिवाय नर भारी भांडखोर. शेजारची जोडी नजरेला पडली की अंगावर धावून जाणार. म्हणून एका मोठ्या तळ्यावर मोजक्याच जोड्या नांदतात, पण तेवढंच पाणी शंभर डबक्यांत विखुरलं तर कितीतरी जास्त संसार मांडले जातात. बहुतेकींचं घरटं पाण्यापासून दूर, गवतात असतं. पिल्लं अंड्यातून बाहेर आली की आई त्यांना पायी पायी न आटणाऱ्या तळ्याकडे नेते. तोवर ते पहिलं डबकं बरेचदा नाहीसंही झालेलं असतं! मे महिन्यात विमानातून होणारी सरकारी बदकगणना १९५५ साली सुरू झाली. शंभर-दीडशे फुटांवरून उडत केल्या जाणाऱ्या या गणनेत पुढे बदकांबरोबर डबकीही मोजली जाऊ लागली, ती याचसाठी.

बदकांच्या शेजाऱ्यांची तऱ्हा आणखी न्यारी. बॉबोलिंकच्या नराचं पोट काळं आणि पाठीवर पांढरं, जणू सदरा उलटा घातलाय. त्याचं गाणं म्हणजे जुन्या रेडिओचा काटा भराभर फिरवावा तसं. चिमणीहून जरासाच मोठा हा जीव हिवाळ्यात दक्षिण अमेरिकेत जातो. जाऊन-येऊन वीस हजार किलोमीटर. वेस्टर्न ग्रीब ही आपल्या टिबुकलीची मोठी बहीण. तिची जोडी पाण्यावर ताठ उभी राहून चक्क धावते. विल्सन्स फॅलरोपची मादी नराहून रंगीत. मागे लागते तीच. अंडी घालते आणि निघून जाते. उबवणं, पिल्लं सांभाळणं हे सारं बापाच्या गळ्यात. यावर घराघरांत चर्चा व्हायला हरकत नाही.

थापट्या, तलवार बदक, गडवाल ही इथली बदकं आपल्यालाही परकी नाहीत. याच जातींचे थवे हिवाळ्यात नांदूर मधमेश्वरला आणि जायकवाडीला उतरतात. आपल्याकडे येणारे मात्र मध्य आशिया आणि सैबेरियाकडचे. जात एकच, माहेर वेगळं.

अमेरिकेतलं हे माहेर बव्हंशी शेतकऱ्यांच्या सातबाऱ्यावर आहे, आणि सारी अडचण तिथंच आहे. ट्रॅक्टरला प्रत्येक डबक्याला वळसा घालावा लागतो. वेळ जातो, डिझेल जातं. जमिनीखाली पाइप टाकून पाणी काढून दिलं की शेत सलग होतं. शेतकऱ्याला नावं ठेवणं सोपं आहे, पण कर्जाचे हप्ते त्यालाच भरायचे असतात. दोनशे वर्षांचा हिशेब मांडला तर १९८० च्या दशकापर्यंत आयोवातली दहापैकी जवळजवळ नऊ पाणथळी संपल्या होत्या आणि नॉर्थ डकोटातल्या सुमारे निम्म्या.

रॉबिन्स यांच्या रस्त्यांवरच्या वह्या २०१९ साली एका मोठ्या अभ्यासात कामी आल्या. १९७० पासून उत्तर अमेरिकेतले गवताळ प्रदेशातले पक्षी निम्म्याहून जास्त घटले होते. याच काळात बदकं आणि हंस मात्र वाढले होते. याचं कारण बरंचसं पैशात आहे. १९३४ पासून बदकांच्या शिकाऱ्याला दरवर्षी एक सरकारी तिकीट विकत घ्यावं लागतं. २०१५ पासून त्याची किंमत २५ डॉलर झाली. डॉलरमागे ९८ सेंट पाणथळी राखण्यावर खर्च होतात. म्हणजे बदकं वाचवली ती त्यांना मारणाऱ्यांनी! बॉबोलिंकची शिकार कोणी करत नाही, आणि त्याच्या नावाचं तिकीटही नाही.

१९५८ च्या कायदादुरुस्तीनंतर या पैशातून लहान पाणथळी राखण्याचीही सोय झाली. सरकार शेतकऱ्याशी कायमचा करार करतं आणि एकरकमी मोबदला देतं. जमीन त्याचीच राहते. फक्त डबकं बुजवायचं नाही, चर खणून रिकामं करायचं नाही. २०२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं नदीनाल्यांशी न जोडलेल्या पाणथळींवरचं केंद्रीय जलप्रदूषण कायद्याचं छत्र काढून घेतलं, तेव्हापासून या करारांचं मोल वाढलंय. करारातलं एक कलम मोठं शहाणपणाचं आहे: डबकं आपोआप आटलं, तर शेतकऱ्यानं त्याचा तळ खुशाल नांगरावा. कोरड्या वर्षी तिथं गहू उभा असतो. पुढच्या वसंतात बर्फ वितळलं, की त्याच जागी बदकांची एखादी जोडी पोहत असते.