रुखवतातले भरतकाम, सुरतेची गोधडी

सुरतेत जुन्या कापडाचे मोल दोनच प्रकारे होते. साडी खऱ्या जरीची असेल तर तिच्यातल्या चांदीचा भाव मिळतो. बाकीचे कापड किलोवर जाते, नाहीतर बोहारणीच्या गाठोड्यात जाऊन त्याच्या बदल्यात स्टीलचे पातेले घरात येते. हाताने भरलेला सुती टेबलक्लॉथ या व्यवहारात कुठेच बसत नाही. त्यात चांदी नसते आणि फारसे वजनही नसते. त्यावर घातलेल्या टाक्यांचा मान राखणारी एक जागा मात्र मराठी घराला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, ती म्हणजे गोधडी.

सुरतेतली मराठी वस्ती मुख्यतः खानदेशी. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ताप्ती खोऱ्यातून गेलेल्या लोहमार्गाने नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर ही गावे सुरतेला जोडली. पुढे यंत्रमाग आणि साडीछपाईच्या गिरण्यांनी माणसे ओढून घेतली. लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत कुटुंबे स्थिरावली, महापालिकेच्या मराठी शाळा चालू लागल्या. लग्न होऊन आलेल्या मुलींबरोबर रुखवतही आले. गेल्या शतकाच्या मध्यावर रुखवतात भरतकामाला मानाची जागा असे. केसमेंटचा किंवा दोसुतीचा टेबलक्लॉथ, ट्रेवरचा रुमाल, उशांचे अभ्रे, रेडिओवरचे झाकण. पाकळ्यांना साखळी टाका, फुलाच्या मध्याला गाठीचा टाका, कडेला क्रोशाची लेस. मांडवात चार दिवस मिरवलेले हे काम मग ट्रंकेत जाऊन पडे, कारण वापरायला जीव धजत नसे.

भरलेले कापड आणि पांघरूण यांचे नाते गुजरातच्या भूमीत जुने आहे. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला दुआर्ते बार्बोसा या पोर्तुगीजाने खंबायतच्या सुंदर रजयांची नोंद केली. १६०८ मध्ये सुरतेत उतरलेल्या विल्यम फिंच या इंग्रज व्यापाऱ्याने विलायतेला पाठवण्याजोग्या मालात रजयांसाठीचे रंगीत कापड आवर्जून सुचवले. इथल्या कारागिरांचे बारीक साखळी टाक्याचे काम सतराव्या शतकात युरोपातल्या श्रीमंतांच्या शयनगृहांत लागत होते. रुखवतातल्या टेबलक्लॉथवर दिसणारा साखळी टाका याच कुळीतला.

जुने भरतकाम कसे सांभाळावे याचा धडाही गुजरातेतच सापडतो. पारशी कुटुंबांत चीनच्या व्यापारातून आलेल्या रेशमी भरतकामाची गारा साडी असे. साडीचे पोत विरले, तरी तिची भरलेली कोर फेकली जात नसे. ती अलगद उसवून नव्या साडीला लावली जाई, आणि आजीची कोर नातीच्या अंगावर येई. कापड संपले तरी काम संपत नाही, हे त्या बायकांनी ओळखले होते. रुखवतातल्या सुती कामाला हाच न्याय लावायला हवा.

गोधडीत ते काम कसे बसवावे, याची रीत नेमकी आहे. आधी कापड उलटे करून पाहावे. हातकामाच्या पाठीला गाठी दिसतात, एका फुलावरून दुसऱ्या फुलाकडे नेलेला दोरा दिसतो. यंत्राच्या कामाला पाठीमागे एकसारखा बॉबिनचा धागा असतो. मग ओल्या पांढऱ्या फडक्याने लाल, निळा, काळा दोरा दाबून रंग सुटतो का ते तपासावे. रंग पक्का असेल तर मात्र धुवावेच. जुन्या खळीवर कसर येते, आणि न धुतलेले सुती कापड गोधडीत पुढे आटून सुरकुत्या पाडते. घडीवर विरलेला, गंजाचे डाग पडलेला भाग काढून टाकावा. कापताना कात्री फुलापासून निदान दोन बोटे दूर ठेवावी, नाहीतर टाक्यांची टोके सुटतात. विरळ झालेल्या तुकड्याला मागून मलमल लावावी.

शेजारी कोणते कापड ठेवायचे, यातच सुरतेत चूक होते. इथे पॉलिस्टर साड्यांच्या चिंध्या स्वस्त आणि रंगीबेरंगी मिळतात. पण पॉलिस्टर आटत नाही, घाम टिपत नाही, आणि सुतीला लागते तितक्या गरम इस्त्रीखाली वितळते. भरलेल्या सुती तुकड्याला सुतीच शेजार द्यावा. जुनी धोतरे आणि नऊवारी लुगडी अस्तराला उत्तम. जरीचा तुकडा अंगाला बोचतो आणि काळा पडतो, तो पांघरुणात घालूच नये. शेवटी धावदोरा. कडेपासून सुरुवात करून चौकोनातून चौकोन घालत मध्याकडे यायचे आणि भरलेल्या फुलाला वळसा घालून पुढे जायचे. फुलावरून टीप मारली की त्याचा उठाव जातो.

टेबलक्लॉथ धडधाकट असेल तर त्याला कात्री लावू नये. तो जेवणाच्या टेबलावरच शोभतो. फाटलेला, डागाळलेला, अर्धवट राहिलेला तेवढा गोधडीला द्यावा. नुसता ट्रंकेत ठेवून तो टिकेल, हा भ्रम आहे. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने सुरतेचा मोठा भाग बुडाला, तेव्हा बंद पेट्यांनाही पाणी चुकले नाही. पूर नसला तरी दमट हवा आणि कसर आपले काम करतच असतात.

आज सुरतेतली संगणकावर चालणारी यंत्रे अख्खी साडी काही तासांत भरतात. त्या कामावर हजारो घरांच्या चुली पेटतात, त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण नवे यंत्रकाम बाजारात कधीही मिळेल. आईने मुलीसाठी, मुलीने स्वतःच्या संसारासाठी घातलेला टाका पुन्हा मिळणार नाही. म्हणून एवढेच सांगणे: दिवाळीच्या साफसफाईत ट्रंक उघडाल तेव्हा भरलेले कापड बोहारणीच्या ढिगातून बाजूला काढा. ज्यांनी ते भरले त्या अजून घरात असतील तर त्यांना विचारून घ्या, आणि गोधडीच्या अस्तरावर एका कोपऱ्यात त्यांचे नाव, गाव आणि वर्ष दोऱ्याने लिहा.