दिडकी कुठे बसली?

राजापेठेतल्या एका किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसणारे आजोबा अजूनही दिडकीनंच, म्हणजे दीडच्या पाढ्यानंच, हिशोब करतात. सात किलो तूरडाळ, दीडशे रुपये भाव. गिऱ्हाइकानं मोबाइल काढेस्तोवर साताची दिडकी साडेदहा आणि त्यांचं "हजार पन्नास" बोलूनही झालेलं असतं. "एकडाव डोक्शात बसलं का मंग जात नाई, बाप्पा!"

बसलं म्हणजे कुठे? दोन चेतापेशी जिथे एकमेकींना संदेश देतात, त्या सायनॅप्स नावाच्या जोडावर. टिमोथी ब्लिस आणि तेरये लोमो यांनी १९७३ मध्ये सशाच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात दाखवून दिलं, की भराभर विद्युत-संदेश दिले तर हा जोड पुढे कित्येक तास जास्त जोरानं प्रतिसाद देतो.

या घडामोडीतलं माझं सगळ्यात लाडकं प्रथिन म्हणजे कॅमके-२. बारा भागांचं, सहा-सहाच्या दोन कड्यांचं. पलीकडून संदेश यावा आणि त्याच क्षणी अलीकडची पेशी उत्तेजित असावी, असं जुळलं की एनएमडीए ग्राही या संदेश पकडणाऱ्या प्रथिनाच्या तोंडातलं मॅग्नेशियमचं बूच निघतं आणि कॅल्शियम आत शिरतं. त्यानं कॅमके-२ जागं होतं. जागा झालेला भाग शेजारच्यावर फॉस्फेट चिकटवतो, त्यामुळे कॅल्शियम ओसरलं तरी शेजारी जागाच राहतो. मग जोडावर एम्पा ग्राहींची संख्या वाढते, जोड घट्ट होतो. कॅल्शियम थोडं थोडं रेंगाळत आलं, तर मात्र कॅल्सिन्युरिन फॉस्फेट उतरवण्याची साखळी सुरू करतं आणि जोड सैल पडतो. घोकणं आणि विसरणं, दोन्हीची किल्ली एकाच कॅल्शियमच्या हाती, हे मला विलक्षण वाटतं. १९९२ मधल्या एका प्रयोगात कॅमके-२ चा अल्फा प्रकार नसलेले उंदीर पाण्याखाली लपवलेला चौथरा शोधायला नीट शिकू शकले नाहीत.

जोडाला बळ देणारं आणखी एक प्रथिन म्हणजे बीडीएनएफ. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या विदिता वैद्य यांचा या प्रथिनाशी जुना संबंध आहे. २०२२ चा इन्फोसिस पुरस्कार त्यांना मिळाला. ताणाखाली उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधलं बीडीएनएफ घटतं आणि त्यात सेरोटोनिनच्या एका ग्राहीचा हात असतो, हे त्यांच्या संशोधनातून पुढे आलं. छडीच्या धाकानं पाढे पाठ करून घेणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. पुण्याच्या आयसरमध्ये सुहिता नाडकर्णी संगणकावर अशाच जोडांमधल्या कॅल्शियमचं गणित मांडतात.

पण बसलेलं वर्षानुवर्षं टिकतं कसं, हे कोडं अजून सुटलेलं नाही. ही प्रथिनं थोड्या दिवसांत झिजतात, नवी येतात. जुनं कॅमके-२ आपली जागेपणाची खूण नव्याला देऊन जातं का, की त्याचं काम फक्त जोड उभारण्यापुरतं, यावर शास्त्रज्ञांत वाद सुरू आहे. आजोबांच्या डोक्यात दिडकी बसली तेव्हाचं कॅमके-२ आज तिथे नाही, आणि तरी सातावर ते क्षणभरही अडत नाहीत.